सोसायटीत बायकांसाठी हृदय तपासणी शिबिर: फॉर्ममध्ये काय विचारावं, कोणत्या टेस्ट घ्याव्यात?

ऐरोली_मंडळ

नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत महिला मंडळातर्फे फक्त बायकांसाठी हृदय तपासणी शिबिर ठरतंय. वयं ३० ते ७०, साधारण ऐंशी-नव्वद जणी येतील. एका लॅबने पॅकेज दिलंय: ईसीजी, लिपिड प्रोफाइल, शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, बी १२ आणि चाळिशीवरच्यांना सवलतीत स्ट्रेस टेस्ट. फॉर्मही त्यांनीच पाठवला. त्यात वय, वजन, उंची, डायबेटीस आहे का, बीपी आहे का, धूम्रपान-मद्यपान करता का, घरात कोणाला हार्टचा त्रास आहे का, एवढंच आहे.

विचारायचं ते असं:

१) हा फॉर्म बाप्यांसाठी केलेला वाटतो. बायकांसाठी वेगळं काय विचारायचं?
२) पॅकेजमधलं काय ठेवायचं, काय काढायचं?
३) बीपी आमच्या स्वयंसेविका मोजणार आहेत. त्यात काय चुकतं?
४) रिपोर्ट आल्यावर कोणाला कुठे पाठवायचं?

एक विनंती: 'आमच्या शेजारच्या काकूंना' छापाचे किस्से नकोत, धागा भरकटतो. नेमकं सांगा.

पारसिक

तुमची शंका बरोबर आहे. त्या फॉर्मवर शंभरातल्या सत्तर जणी सगळीकडे 'नाही' लिहून मोकळ्या होतील आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना धोका असेल. जगभरात बायकांच्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे होतात (२०१९ चा आकडा). तरीही 'हार्टचा त्रास' म्हटलं की डोळ्यांसमोर पन्नाशीचा पोट सुटलेला पुरुषच येतो.

२००४ साली इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देशांतले पेशंट त्यात होते, भारतातलेही. पहिल्या हार्ट अ‍ॅटॅकचा बहुतेक सगळा धोका नऊ गोष्टींत सापडला: तंबाखू, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, डायबेटीस, पोटावरची चरबी, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचा मुद्दा. बायकांमध्ये हा वाटा ९४ टक्के निघाला. म्हणजे कारणं बाप्यांचीच, पण प्रत्येक कारणाचा जोर बायकांत सारखा नाही. डायबेटीसमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो तो बायकांमध्ये जास्त पटीने वाढतो. सिगारेटचंही तसंच. बायकांना पहिला अ‍ॅटॅक सरासरी नऊएक वर्षं उशिरा येतो हे खरं, पण डायबेटीस झाला की ही सवलत जवळपास संपते.

फॉर्ममधली सगळ्यात फुकट जाणारी ओळ 'धूम्रपान करता का' ही. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, मिशरी लावतात. कोकणातून, घाटावरून आलेल्या आणि इथल्या गावठाणांतल्या कितीतरी घरांत सकाळी दात घासायला म्हणून तव्यावर भाजलेली तंबाखू असते. पुढे दुपारी आणि रात्री जेवणानंतरही बोट फिरतं. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून 'व्यसन आहे का' या प्रश्नाला उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' येतं. नुसतं 'तंबाखू खाता का' विचारलंत तरी 'नाही', कारण खात नाहीत. प्रश्न असा लिहा: 'मिशरी, तपकीर, तंबाखूची पेस्ट किंवा पानातली तंबाखू यांतलं काही वापरता का? दिवसातून किती वेळा?' निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातंच, नाडी आणि बीपी वाढवतंच. शिवाय 'घरात दुसरं कोणी सिगारेट-विडी ओढतं का' हेही विचारा.

घरातल्या आजाराचा प्रश्नही मोघम आहे. ऐंशीव्या वर्षी गेलेल्या आजोबांचा इथे उपयोग नाही. विचारायचं ते हे: वडिलांना किंवा सख्ख्या भावाला ५५ च्या आत, आईला किंवा सख्ख्या बहिणीला ६५ च्या आत हार्ट अ‍ॅटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा अचानक मृत्यू?

बाकी आजारांत सांधेवात (रुमेटॉइड), ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), किडनीचा विकार आणि डिप्रेशन टाका. ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार झालेत का हेही. डाव्या बाजूच्या रेडिएशनचा आणि काही केमो औषधांचा हृदयावर परिणाम होतो, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हा प्रश्न जुना वाटेल, पण ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेली झडप आपल्याकडे अजून सापडते आणि बायकांत जास्त. ती पुष्कळदा बाळंतपणातच पहिल्यांदा कळते.

बाळंतपणाचे प्रश्न या विषयात सगळ्यात महत्त्वाचे आहेत. ते इथल्या स्त्रीरोगवाल्यांनी लिहावेत.

निशिगंध

बोलावलंत म्हणून लिहिते. गरोदरपण ही शरीराने स्वतःहून घेतलेली स्ट्रेस टेस्ट असते. त्या नऊ महिन्यांत जे बिघडतं ते बाळंतपणानंतर 'बरं झालं' म्हणून फाइलमध्ये बंद होतं आणि पुढे चाळीस-पन्नाशीत फिजिशियनला कोणी सांगत नाही. फॉर्ममध्ये 'गरोदरपणात काही त्रास?' असं विचारू नका, उत्तर 'उलट्या' येईल. एकेक सुटं विचारा:

- गरोदरपणात बीपी वाढलं होतं का? गोळी सुरू केली होती का? झटके आले होते का?
- गरोदरपणात शुगर वाढली होती का? इन्सुलिन लागलं होतं का?
- ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत बाळंतपण झालं का? बाळाचं वजन अडीच किलोच्या आत होतं का?
- लागोपाठ गर्भपात झालेत का? पोटात बाळ गेलं होतं का?
- गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत आडवं झाल्यावर धाप लागत होती का?

पहिल्या प्रश्नाला 'हो' असेल आणि ते प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात वाढलेल्या बीपीसोबत लघवीतून प्रथिनं जाणं किंवा इतर अवयवांना त्रास) असेल, तर पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट आणि हार्ट फेल्युअरचा जवळपास चौपट. अशा बाईचं बीपी दरवर्षी मोजलं गेलंच पाहिजे, वय ३२ असलं तरी. शुगर वाढलेलीला पुढे टाइप २ डायबेटीस होण्याची शक्यता सात ते दहा पट. तिची बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी व्हायला हवी आणि नंतर एक ते तीन वर्षांनी शुगर. प्रत्यक्षात ती पहिली तपासणीच राहून जाते, कारण तेव्हा बाई माहेरी असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळाच्या लसींवर.

शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणणारीला पुन्हा दिवस राहण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्याशिवाय सोडू नका.

आता पाळी. 'पाळी बंद झाली का' पुरेसं नाही. कोणत्या वर्षी गेली ते विचारा. भारतात सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते. ४० च्या आत गेली असेल तर तो स्वतंत्र धोका आहे. आणि 'पिशवी काढली आहे का' या प्रश्नाला जोडून 'अंडाशयं ठेवलीत की तीही काढली?' हे हवंच. पिशवी काढलेल्या बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्ड आणायला सांगा, त्यावर लिहिलेलं असतं. पस्तिशीत दोन्ही अंडाशयं गेली असतील तर त्या बाईच्या रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने तिची पाळी पस्तिशीतच गेली.

पीसीओडीवाल्या तरुण मुलींना कंबर, शुगर, लिपिड या तीन गोष्टी लागू. त्यांना हार्टची भीती घालू नका, पण 'लग्न झाल्यावर बरं होईल' हे ऐकून घरी पाठवू नका.

गोळ्या: पस्तिशीनंतर तंबाखू ओढणाऱ्या, बीपी असलेल्या किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये. पाळी गेल्यावरची हार्मोन थेरपी गरम वाफा, घाम, झोप यांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने असते. हृदय सांभाळायला म्हणून ती सुरू करायची नाही, हे २००२ पासून स्पष्ट आहे.

एक गोष्ट ठळक अक्षरात फॉर्मवर हवी: 'पुढच्या वर्षभरात मूल हवं आहे का?' आपल्याकडे बीपीला सर्रास टेल्मिसार्टन दिलं जातं. त्या गटातली औषधं गरोदरपणात बाळाच्या किडनीला घातक असतात. रामिप्रिल, एनालाप्रिल यांचंही तेच. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळीही अशा वेळी सहसा थांबवतात. मनाने बंद करायची नाहीत, पण दिवस राहायच्या आधी बदलून घ्यायची.

ठाणेकर७६

छान माहिती. पण पाळी चालू असेपर्यंत बायकांना निसर्गाचं संरक्षण असतं ना? मग तिशीपासून कशाला, पंचेचाळीसच्या वरच्याच बोलवा. गर्दी कमी होईल.

पारसिक

@ठाणेकर७६, संरक्षण म्हणजे चिलखत नव्हे. डायबेटीस, मिशरी-सिगारेट, प्रीएक्लॅम्पसिया, ल्युपस यांतलं काही असेल तर ते पाळी चालू असतानाच पातळ होतं. दुसरं, पन्नाशीच्या आतल्या बायकांत अ‍ॅटॅकचं एक कारण वेगळंच असतं: हृदयाच्या धमनीचा आतला थर आपोआप फाटतो, ज्याला स्कॅड म्हणतात. तिथे कोलेस्टेरॉलचा संबंध नसतो आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही ते होतं. ते शिबिरात आधी ओळखता येत नाही, पण तिशीतल्या बाईच्या छातीतल्या कळीला 'या वयात कुठलं हार्ट' म्हणू नये, एवढं मात्र यातून शिकायचं. आणि तिशीतलीचं बीपी-शुगर मोजायला पाच मिनिटं लागतात. गर्दी स्ट्रेस टेस्टने होते, ती काढा.

काचपट्टी

लॅबच्या बाजूने लिहितो. पॅकेजबद्दल स्पष्टच सांगायचं तर व्हिटॅमिन डी आणि बी १२ काढून टाका. त्यांचा हृदयाच्या धोक्याच्या अंदाजाशी संबंध नाही, लॅबचा नफा मात्र तिथेच असतो. त्या पैशांत हिमोग्लोबिन-सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीए१सी (तीनएक महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीसाठी) बसवून मागा. ज्यांना डायबेटीस किंवा बीपी आहे किंवा गरोदरपणात बीपी वाढलं होतं, त्यांची लघवीतली अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणी घ्या.

सीबीसी का? एचबीए१सी एकटं वाचलं तर बायकांत फसवतं. लोह कमी असलं की लाल पेशी जास्त दिवस टिकतात आणि आकडा खोटा वर जातो. नुकत्याच लोहाच्या गोळ्या सुरू केल्या असतील किंवा पाळीत फार रक्त जात असेल तर खोटा खाली येतो. सिंधी, कच्छी, लोहाणा घरांत थॅलेसेमिया मायनर बऱ्यापैकी आढळतं आणि ठाणे-उल्हासनगर-मुलुंड पट्ट्यात ही घरं भरपूर, तिथेही तो आकडा भरवशाचा नसतो. हिमोग्लोबिन ११ च्या खाली किंवा पेशींचा आकार (एमसीव्ही) फार लहान दिसला तर उपाशीपोटीची शुगर खरी धरा. मोजमाप असं: उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ आणि वर म्हणजे डायबेटीस. एचबीए१सी ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ पासून पुढे डायबेटीस. त्रास नसताना एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, दुसऱ्यांदा तपासायचं.

लिपिडसाठी उपास लागतोच असं नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आले तर मात्र पुन्हा उपाशीपोटी द्यावं लागतं, कारण बऱ्याच लॅब एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) मोजत नाहीत, गणिताने काढतात (एकूण वजा एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग) आणि ते गणित तिथे कोलमडतं. रिपोर्टवर एलडीएलच्या शेजारी 'डायरेक्ट' की 'कॅल्क्युलेटेड' ते बघा. सोपा आणि पक्का आकडा म्हणजे नॉन-एचडीएल: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. बायकांत एचडीएल ५० च्या खाली म्हणजे कमी. पुरुषांना ४० ची रेषा आहे, आणि काही लॅबच्या रिपोर्टवर सगळ्यांना ४० च छापलेलं असतं. एलडीएल १९० च्या वर असेल तर तो पिढीजात प्रकार असू शकतो, मुलांचंही तपासा.

थायरॉइड (टीएसएच) ठेवा. थायरॉइड कमी पडला की एलडीएल वाढतं, आणि ते न बघता स्टॅटिन सुरू होते. पण केस-नखांच्या गोळ्या घेणाऱ्यांना आधी विचारा. त्यांत बायोटिन भरपूर असतं आणि काही मशिनांवर टीएसएच खोटा कमी येतो. निदान दोन दिवस आधी बंद करायला सांगा. हेच बायोटिन इमर्जन्सीत ट्रोपोनिनही (अ‍ॅटॅक ओळखायची रक्तचाचणी) खोटं कमी दाखवू शकतं, तेव्हा कॅज्युअल्टीत त्या गोळ्यांचं नाव सांगायचं.

लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा पिढीजात कण, ही आयुष्यात एकदाच करायची टेस्ट. सगळ्यांना नको, महाग आहे. ज्यांच्या घरात लवकरच्या वयातला अ‍ॅटॅक आहे त्यांनाच. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या गोष्टी जास्त कडक सांभाळायच्या. पथ्याने तो आकडा खाली येत नाही, तेव्हा बाईला दोष देऊ नका.

पारसिक

+१, एका दुरुस्तीसह: लायपोप्रोटीन (ए) परवडत असेल तर मी सगळ्यांना एकदा करा म्हणेन. शिबिराच्या बजेटात मात्र तुमचंच बरोबर.

ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टबद्दल. बसल्याजागी काढलेला ईसीजी पुढच्या पाच वर्षांबद्दल फारसं काही सांगत नाही, आणि ७० टक्के ब्लॉकेज असतानाही तो नॉर्मल येऊ शकतो. 'ईसीजी नॉर्मल आहे' हे वाक्य घेऊन बाई घरी जाते आणि पुढचे तीन महिने चढताना लागणारी धाप अंगावर काढते. हा शिबिरांचा खरा तोटा. ठेवायचाच तर साठीच्या पुढच्या, बीपी-डायबेटीसवाल्या किंवा धडधड होणाऱ्या बायकांपुरता ठेवा. काढायला बाई टेक्निशियन आणि पडदा हवा. संकोचाने छातीवरचे इलेक्ट्रोड वरच्या वर चिकटवले जातात. ते स्तनाच्या खालच्या घडीत, नेमक्या फासळीवर लागायला हवेत. नाहीतर मशीन 'जुना अ‍ॅटॅक?' असं छापतं आणि घरात रडारड होते.

स्ट्रेस टेस्ट सोसायटीच्या हॉलमध्ये करायचीच नाही. तिला डॉक्टर आणि डिफिब्रिलेटर (बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला शॉक देणारं यंत्र) शेजारी लागतात. शिवाय ज्यांना काही त्रास नाही अशा मध्यमवयीन बायकांत ती खोटी पॉझिटिव्ह बरीच येते, मग अँजिओग्राफीचा फेरा.

ओपीडी_बाक

बीपीचं मी लिहिते, हेच काम रोजचं आहे.

मशीन दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको. दोन मापांचे कफ हवेत: साधा साधारण २२ ते ३२ सेंमी दंडाला आणि मोठा ३२ ते ४२ ला. बायकांमध्ये जाड दंड भरपूर असतात आणि लहान कफ बीपी वाढवून दाखवतो. आधी टेपने दंडाचा घेर मोजा, मग कफ निवडा. ब्लाउजची किंवा कुर्त्याची बाही घट्ट असेल तर वर सरकवून तिचा पिळा करू नका, हात बाहीतून काढायला सांगा. त्यासाठीही पडदा.

शिबिरात नेहमी काय होतं ते बघा. बाई जिना चढून येते, रांगेत गप्पा मारते, प्लास्टिकच्या खुर्चीत टोकावर बसते, पायावर पाय, हात मांडीवर लोंबता, आणि मोजताना स्वयंसेविका विचारते 'काय गं, मुलगी कुठे असते आता?' बोलल्याने, हात अधांतरी राहिल्याने, लघवी तुंबलेली असल्याने प्रत्येकी दहा-दहापर्यंत आकडा चढू शकतो. तिन्ही मिळाले की १२४ चे १४८.

करायचं असं: चहा-कॉफी, मिशरी, तंबाखू अर्धा तास आधी बंद. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. हात टेबलावर, कफ छातीच्या पातळीला. दोन वेळा मोजा, मध्ये एक मिनिट. पहिल्यांदा दोन्ही हातांचं बघा आणि ज्या हाताचं जास्त येईल तो लिहून ठेवा. ज्यांच्या काखेतल्या गाठी ऑपरेशनमध्ये काढल्यात त्यांचं दुसऱ्या हातावर.

१४० / ९० किंवा वर आलं तर 'तुम्हाला बीपी आहे' असं स्वयंसेविकेने सांगायचं नाही. घरी सात दिवस सकाळी दोन, संध्याकाळी दोन असं मोजायला सांगा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची सरासरी १३५ / ८५ च्या वर असेल तर डॉक्टर. शिबिरात १८० / ११० च्या वर आलं तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, नजर धूसर होणं यांतलं काही असेल तर थेट हॉस्पिटल.

गुडघेदुखीसाठी रोज कोणती गोळी घेता, हे बीपी जास्त आलेल्या प्रत्येकीला विचारा. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन मेडिकलवरून आणून महिनोन्महिने खाल्ली जाते. ती बीपी वाढवते आणि किडनीलाही नडते.

अवांतर: कंबर मोजताना टेप परकराच्या नाडीच्या जागी लावतात, ते चूक. सगळ्यात खालची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर. भारतीय बायकांना मर्यादा ८० सेंमी, म्हणजे साडेएकतीस इंच. वजनकाट्यापेक्षा हा टेप जास्त खरं बोलतो.

तिखटमीठ

आहाराचं पत्रक छापू नका, कोणी वाचत नाही. दोनच हिशेब विचारा.

घरात मिठाचा एक किलोचा पुडा किती दिवस पुरतो? चार माणसांत महिनाभरात संपत असेल तर माणशी रोजचं ८ ग्रॅमच्या वर गेलं. मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आणि पुड्याच्या हिशेबात पापड, लोणचं, फरसाण, वडापावची चटणी धरलेलीच नाही. आगरी-कोळी घरांत सुकट, सोडे, बोंबील यांचं मीठ वेगळं. ते बंद करा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. कोमट पाण्यात दोनदा भिजवून पाणी फेकायचं आणि कालवणात वरून मीठ घालायचं नाही. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय वापरू नका.

तेलाचा पाच लिटरचा डबा किती दिवस? चौघांत महिनाभर म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. ते २० ते २५ वर आणायचं, म्हणजे डबा साडेसहा ते आठ आठवडे पुरायला हवा. घाण्याचं असो की रिफाइंड, आधी मोजून वापरा. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर वेफर्स हा उपास नव्हे, शुगरवालीला तर नाहीच. वरई-दाण्याची आमटीही जपूनच. ताक, काकडी, राजगिरा, फळ बरं.

चालायला जागा आहेच, खाडीकडचा रस्ता किंवा नेरूळचं ज्वेल उद्यान. वेग असा हवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्याला १५० मिनिटं.

ऐरोली_मंडळ

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. स्ट्रेस टेस्ट, डी आणि बी १२ काढतोय. दोन गोष्टी राहिल्या. फलकावर अ‍ॅटॅकची लक्षणं लिहायची आहेत, 'बायकांना छातीत दुखत नाही' असं बरंच वाचलं, ते खरं का? आणि रिपोर्टनंतरची वाटणी कशी करायची?

पारसिक

ते अर्धसत्य आहे आणि फलकावर लिहिलंत तर नुकसान होईल. बायकांतही छातीतली कळ किंवा दडपण हेच सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण. फरक इतकाच की त्यासोबत धाप, मळमळ, घाम, जबडा-मान-पाठीच्या वरच्या भागात दुखणं, अचानक गळून जाणं हे बायकांत जास्त असतं, आणि बाई डॉक्टरला आधी तेच सांगते. मग गॅसची गोळी मिळते. डायबेटीसवाल्या बाईला दुखणं जवळपास नसेलही, नुसती धाप आणि घाम. फलकावर लिहा: 'छाती, जबडा, पाठ, हात किंवा पोटाच्या वरच्या भागात १५ मिनिटांपेक्षा जास्त दडपण, किंवा कारण नसताना घाम आणि धाप: १०८'.

रिक्षा शोधू नका, बाईला खालपर्यंत चालवत नेऊ नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, रक्तस्रावाचा अल्सर किंवा पक्षाघाताची लक्षणं नसतील तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून. घरात ७५ च्याच असतील तर चार. जिभेखालची सॉर्बिट्रेट आधीपासून लिहून दिलेली नसेल तर देऊ नका, बीपी कोसळतं. आणि कोणी रोज एक अ‍ॅस्पिरिन 'खबरदारी म्हणून' सुरू करू नये, आजार नसताना रक्तस्रावाचा तोटा जास्त.

आजच एक काम करून ठेवा: तुमच्यापासून जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) रात्रीही चालू असते, ते फोन करून विचारा आणि लिफ्टशेजारी लावा. ऐरोलीहून संध्याकाळी सातला ठाण्याकडे जायचं की वाशीकडे, हे त्या वेळी ठरवण्याची गोष्ट नाही. पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी मागा. पहिला नॉर्मल असला आणि दुखणं चालू असलं तर पुन्हा ईसीजी आणि काही तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिन. बायकांची ट्रोपोनिनची रेषा पुरुषांपेक्षा खाली असते. एका जास्त वापरातल्या किटमध्ये १६ विरुद्ध ३४.

वाटणी तीन गठ्ठ्यांत करा. पहिला, त्याच आठवड्यात फिजिशियन: बीपी १६० / १०० च्या वर, उपाशीपोटी शुगर १२६ च्या वर, एलडीएल १९० च्या वर, चालताना छातीत दडपण किंवा नवी धाप. दुसरा, महिनाभरात: दोन किंवा जास्त धोके एकत्र, उदाहरणार्थ कंबर ८६, मिशरी, गरोदरपणात बीपी, प्रत्येक आकडा मात्र 'काठावर'. हाच गठ्ठा नेहमी हरवतो, कारण रिपोर्टवर एकही लाल अक्षर नसतं. तिसरा, दरवर्षी बीपी-शुगर: बाकी सगळ्या. खर्चाची अडचण असेल त्यांना महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात पाठवा, तिशीवरच्यांचं बीपी-शुगर तिथे मोफत तपासतात. अँजिओप्लास्टीपर्यंत वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते, रेशनकार्ड आणि आधार तयार ठेवायला सांगा.

निशिगंध

एक राहिलं. फॉर्म कोण भरून घेणार? गर्भपात, पाळी, मिशरी हे प्रश्न शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईने रांगेत मोठ्याने विचारले तर उत्तरं खोटी येतील. फॉर्म आदल्या आठवड्यात घरी द्या, बाईने स्वतः भरावा, वर नाव नको, फक्त नंबर. वाचता येत नाही त्यांच्यासाठी बाहेरची परिचारिका आणि वेगळी खोली. नाव-नंबरची यादी डॉक्टरकडेच राहील, सोसायटीच्या ऑफिसात किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही. सासू-सुनेला एकाच टेबलावर बसवू नका.